दीडशे माणसं, चार दुर्बिणी: आकाशदर्शनाचा कार्यक्रम कसा बसवावा?

तिपाई
नमस्कार. आमचं हौशी खगोलमंडळ सर्वांसाठी खुला असा आकाशदर्शनाचा कार्यक्रम घेतं आहे. साधारण दीडशे लोक येतील, त्यात निम्मी मुलं. सूर्यास्तानंतर लगेच सुरुवात, पुढे तीन तास. जागा गवताळ मैदान, एका कडेला रस्त्याचे दिवे.

हाताशी असलेली साधनं: ८ इंची डॉब (डॉब्सोनियन, हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण), फोकल लांबी १२०० मिमी, ६ इंची डॉब, तीही १२०० मिमी, ८० मिमीची भिंगाची दुर्बीण, फोकल लांबी ४०० मिमी, आणि १२७ मिमीची माक्सुटोव्ह (थोडक्यात माक, आखूड नळीची आरसा-भिंगाची दुर्बीण), गोटू माउंटवर, म्हणजे वस्तू शोधून तिच्यामागे स्वतः फिरणाऱ्या बैठकीवर. शिवाय १०×५० चे दोन बायनॉक्युलर. आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, २५ आणि १० मिमीचे प्लॉसल प्रकारचे, आणि पट दुप्पट करणारं एक जोडभिंग, बार्लो. दुर्बिणीपाशी उभे राहू शकतील असे सहा जण, वर आणखी सहा मदतनीस.

प्रश्न असे: तिथी कोणती धरावी? कोणत्या दुर्बिणीवर काय लावावं? रांग लांबू नये म्हणून काय करता येईल? एक व्याख्यानही आहे, तासाभराचं, प्रोजेक्टरसह. ते आधी ठेवावं की नंतर? आणि पत्रकात "सगळ्यांना सगळं दाखवू" असं लिहायचा काहींचा आग्रह आहे, त्यावरही मत हवं.


आयपीस_२५
पत्रकापासून सुरुवात करतो. ते वाक्य लिहू नका, हिशेब बसत नाही.

आयपीसपाशी येणं, डोळा जुळवणं, बघणं, एखादा प्रश्न विचारणं आणि बाजूला होणं, याला माणशी ८० सेकंद धरा. म्हणजे एका दुर्बिणीवर तासाला ४५ जण, चार दुर्बिणींवर १८०. तुमच्या तीन तासांतला सुरुवातीचा अर्धा तास लोक जमण्यात आणि शेवटचा अर्धा पांगण्यात जाईल. उरलेल्या दोन तासांत ३६० वेळा आयपीसला डोळा लागेल. दीडशे माणसांत वाटलं तर माणशी दोन, फार तर अडीच वस्तू. तेव्हा पत्रकात "दुर्बिणीतून किमान दोन गोष्टी नीट पाहता येतील" एवढंच लिहा आणि ते पाळा.

आता रांग. दीडशे जण एकदम दुर्बिणींवर सोडले तर प्रत्येक दुर्बिणीमागे ३७-३८ जण उभे राहतात आणि शेवटच्याचा नंबर लागायला पन्नास मिनिटं जातात. त्याऐवजी पन्नास-पन्नासचे तीन गट करा. एक गट दुर्बिणींवर, दुसरा मैदानाच्या अंधाऱ्या टोकाला नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखायला, तिसरा बोलण्याच्या जागी. दर चाळीस मिनिटांनी शिट्टी, गट पुढे सरकतात. यानं पाहणाऱ्यांची एकूण संख्या एकानंही वाढत नाही, पण दुर्बिणीमागे एका वेळी १२-१३ च जण राहतात आणि पहिल्या फेरीची वाट सतरा मिनिटांवर येते. गट ओळखायला रंगीत फिती वाटू नका, लाल उजेडात रंग ओळखता येत नाहीत. १, २, ३ असे ठळक काळे आकडे लिहा. छापील नकाशांचंही तेच: लाल शाईनं काढलेलं काहीही लाल विजेरीखाली कागदातून नाहीसं होतं.

डॉबला ट्रॅकिंग नाही, ती आकाशाबरोबर आपोआप फिरत नाही, त्यामुळे आयपीसची निवड रांगेचा वेग ठरवते. आकाश तासाला १५ अंश, म्हणजे मिनिटाला पाव अंश सरकतं. १२०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचा प्लॉसल लावला की ४८ पट मिळते आणि दिसणारं आकाशाचं क्षेत्र साधारण एक अंशाचं. ग्रहाला या काठापासून त्या काठापर्यंत जायला चार मिनिटं लागतात. १० मिमी लावलात तर १२० पट, पण क्षेत्र जेमतेम २५ कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), ग्रह शंभर सेकंदांत बाहेर. म्हणजे दर माणसाला पुन्हा शोधाशोध. ४८ पटीवर ग्रह मध्यभागी आणू नका. तो ज्या बाजूनं आत येतो त्या काठाजवळ ठेवा, मग दोन-तीन जण तो सरकत जाताना पाहतात आणि नळीला हात लावावा लागत नाही.

४८ पट कमी वाटते, पण गुरूसाठी पुरेशी आहे. प्रतियुतीच्या, म्हणजे गुरू आकाशात सूर्याच्या समोरासमोर येतो त्याच्या, आसपास त्याचं बिंब सुमारे ४५ विकलांचं असतं (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). ४८ पटीत ते ३६ कलांचं होतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र दिसतो त्याहून थोडं मोठं. तरी लोक "एवढासाच?" म्हणतात, कारण आयपीसमधल्या काळोखात मोजायला शेजारी काही नसतं. त्यांना ही चंद्राची तुलना सांगा, मग ते पुन्हा डोळा लावतात आणि पट्टे शोधू लागतात.

१० मिमीचा प्लॉसल त्या रात्री पेटीतच राहू दे. त्यात डोळा भिंगापासून जेमतेम ७ मिमीवर आणावा लागतो. पापण्यांचं तेल भिंगावर बसतं आणि चष्मा असलेल्यांना मधला इवलासा भागच दिसतो. जास्त पट हवी असेल तर २५ मिमीलाच बार्लो लावा. ९६ पट मिळते आणि डोळा १७-१८ मिमी लांब ठेवता येतो. चष्म्याचं थोडक्यात: नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की भागतं, सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवूनच बघावं.

आणि आता ज्यावर कार्यक्रम तरतो किंवा बुडतो ते. दुर्बीण बरोबर रोखलेली आहे म्हणजे समोरच्याला दिसतंय असं समजू नका. ८ इंचीतून ४८ पटीत बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ४ मिमी जाडीचा असतो. माणसाची बाहुली बरोबर त्या झोतात, बरोबर त्या अंतरावर यावी लागते. नवखा माणूस दोनपैकी एक करतो: डोळा आयपीसवर दाबतो, मग घेवड्याच्या दाण्यासारखी काळी सावली इकडून तिकडे फिरताना दिसते, किंवा वीतभर लांबून डोकावतो, मग टाचणीएवढा उजेड दिसतो. दोन्ही वेळा तो भिडेपोटी "हो, दिसलं, छान आहे" म्हणून बाजूला होतो. मागे लोक उभे आहेत, आपल्यालाच जमत नाही असं त्याला वाटत असतं.

म्हणून "दिसलं का?" विचारायचंच नाही. ज्याचं उत्तर पाहिल्याशिवाय देता येत नाही असं विचारा. गुरू असेल तर: एका रेषेत ठिपके किती, डावीकडे किती, उजवीकडे किती? शनी असेल तर: कडं आणि गोळा यांच्यामध्ये काळी फट आहे का? चंद्र असेल तर: खड्ड्याची सावली कोणत्या बाजूला पडली आहे? माणूस अडखळला की समजा, दिसलेलं नाही. मग सांगा: डोळा बोटभर मागे घ्या, दुसरा डोळा हाताने झाका, मिटू नका, आता हळूहळू पुढे या, उजेड पूर्ण गोल झाला की थांबा. यात वीस सेकंद जास्त जातात. ती जाऊ द्या. ही सूचना रांगेतल्या पुढच्या तिघांना आधीच देऊन ठेवायला एक मदतनीस रांगेपाशी उभा करा. वस्तूची माहितीही तिथेच सांगायची. आयपीसपाशी भाषण झालं की ८० सेकंदांचे तीनशे होतात.


अष्टमीचंद्र
तिथी: शुद्ध षष्ठी ते अष्टमी. पौर्णिमा अजिबात नको. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर आपल्या बाजूनं सरळ पडतो, सावल्या उरत नाहीत, विवरं सपाट दिसतात आणि बाकी आकाश धुऊन निघतं. अष्टमीला प्रकाश-अंधाराची सीमा बिंबाच्या मधून जाते, तिथे सूर्य नुकता उगवत असतो आणि डोंगरांच्या सावल्या लांबच लांब पडतात. त्या सीमेवर टॉलेमी, अल्फान्सस, आर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक ओळीनं दिसतात. टॉलेमी एकटं दीडशे किलोमीटर व्यासाचं आहे. शिवाय अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला माथ्याच्या आसपास असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे तुमचे तीनही तास हाताशी. पंचमी घेतली तर शेवटच्या तासात तो क्षितिजाकडे उतरतो आणि खालच्या हवेत उकळल्यासारखा दिसतो.

दीर्घिका आणि अंधुक तेजोमेघ दाखवायचे असतील तर अमावास्येच्या जवळचा वेगळा कार्यक्रम करा, तोही चाळीस-पन्नास लोकांचा. एकाच रात्री दोन्ही बसवायला गेलात तर दोन्ही फसतील. चांदण्यात आणि रस्त्याच्या दिव्यांत देवयानी दीर्घिका म्हणजे भिंगावर कोणी हलकेच फुंकर मारल्यासारखा डाग. लोकांनी छापलेली रंगीत चित्रं पाहिलेली असतात. २५ लाख प्रकाशवर्षं हा आकडा ऐकूनही चेहरा उजळत नाही, कारण डोळ्यांनी काही पाहिलेलंच नसतं.

वाटप मी असं करेन.

६ इंची डॉबवर फक्त चंद्र, पूर्ण वेळ. नळीच्या तोंडावर पुठ्ठा लावा आणि त्याला मध्य सोडून एका कडेला ५० मिमीचं भोक पाडा. चंद्र डोळ्यांना इजा करत नाही, पण दुर्बिणीच्या पूर्ण उघड्या तोंडातून इतका दिपवतो की पुढची दोन मिनिटं त्या डोळ्याला दुसरं काही धड दिसत नाही. भोक कडेला अशासाठी की मधोमध पाडलं तर ते दुय्यम आरशाच्या सावलीत येतं. ही दुर्बीण प्रत्येक गटाला सर्वांत शेवटी दाखवा.

१२७ मिमीच्या माकवर त्या वेळी वर असलेला ग्रह. माउंट स्वतः फिरतो, त्यामुळे शनीला बार्लो लावून १२० पट करायला हरकत नाही. गुरू आणि शनी दोन्ही असतील तर गुरू ८ इंचीवर. गुरू आणि चंद्र संधिप्रकाशातच लावा, अंधाराची वाट पाहू नका; उजळ आकाशात गुरूची चकाकी कमी असते आणि पट्टे उलट जास्त स्पष्ट दिसतात.

८० मिमीची दुर्बीण कमी समजू नका. २५ मिमीनं तिच्यात १६ पट आणि तीन अंशांचं क्षेत्र मिळतं. कृत्तिका सुमारे दोन अंश पसरल्या आहेत, त्या यातच पूर्ण मावतात. त्याच कृत्तिका ८ इंचीत एक अंशाच्या क्षेत्रात बघितल्या तर चारदोन विखुरलेले तारे दिसतात आणि लोक विचारतात, कृत्तिका कुठे आहेत?

ग्रह एकही वर नसेल तर जोडतारे घ्या. सप्तर्षी संध्याकाळी वर असताना वसिष्ठ-अरुंधतीसारखी वस्तू नाही. नुसत्या डोळ्यांना १२ कलांवर दोन तारे वेगळे दिसतात, हे प्रत्येकानं आधी स्वतः करून पाहायचं. मग दुर्बिणीत कळतं की एकटा वसिष्ठच १४ विकलांवरचा जोडतारा आहे. चांदणं असो की रस्त्याचे दिवे, याला काही फरक पडत नाही. हंसातला अल्बिरिओही तसाच, एक सोनेरी, एक निळसर. रंग ओळखायला फोकस किंचित बिघडवा, ठिपक्याची चकती झाली की रंग पटकन कळतो.

चंद्राच्या दुर्बिणीवर एक प्रश्न येणारच: माणसांनी लावलेला झेंडा दिसतो का? उत्तर तयार ठेवा. ८ इंची दुर्बीण उत्तम हवेत ०.६ विकलांपर्यंत वेगळं दाखवते. चंद्राच्या अंतरावर ते सुमारे एक किलोमीटर होतं. मागे राहिलेला यानाचा भाग काही मीटरांचा. जागा मात्र दाखवता येते: अपोलो-१५ हे यान जुलै १९७१ मध्ये ॲपेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी उतरलं आणि ते डोंगर अष्टमीला सीमेजवळ ठळक दिसतात.


दवबिंदू
सामानाबद्दल.

दुर्बिणी सूर्यास्ताच्या तासभर आधी मैदानात आणून ठेवा. ८ इंची आरसा बाहेरच्या हवेच्या तापमानाला यायला पाऊण ते एक तास लागतो. तोवर आरशावरून गरम हवा वर चढत राहते आणि ग्रह पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. डांबर, फरशी किंवा गाड्यांच्या बॉनेटजवळ उभी करू नका, तिथली जमीन रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते. गवतच चांगलं.

पण दिवसा आणलेल्या दुर्बिणीचा एकच मोठा धोका आहे, सूर्य. सूर्य मावळेपर्यंत तोंडावरचं झाकण आणि फाइंडरचं (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचं) झाकण, दोन्ही लावलेली हवीत. फाइंडर विसरला जातो. ५० मिमीचा फाइंडरही डोळा कायमचा अधू करायला पुरेसा आहे. फाइंडर जुळवायचा असेल तर सूर्याच्या पूर्ण विरुद्ध दिशेचा निदान किलोमीटरभर लांबचा मनोरा किंवा खांब घ्या आणि त्या वेळी दुर्बिणीपाशी माणूस उभाच हवा. जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायचा सूर्यफिल्टर मिळायचा. तो असेल तर फोडून टाका. एकवटलेल्या उष्णतेनं तो बघता बघता तडकतो. ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीत पाहणंही तितकंच घातक, तो चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी आहे.

दोन्ही डॉबचं कलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, मैदानात पोचल्यावर करा, घरी केलेलं गाडीत हललेलं असतं. अंधार पडल्यावर एखादा मध्यम तेजाचा तारा मध्यभागी आणून फोकस थोडा बाहेर काढा. वर्तुळं एकमेकांच्या मधोमध असतील तर ठीक, एका बाजूला सरकलेली असतील तर मुख्य आरशाचे स्क्रू थोडे फिरवून मध्यावर आणा. तारा मध्यभागी नसेल तर ही चाचणी खोटं सांगते.

दव. उघड्या आकाशाकडे तोंड केलेलं भिंग आपली उष्णता आकाशाला देत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतं, म्हणून गवत भिजायच्या आधी माकचं तोंड धुरकट होतं. डॉबचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्यानं वाचतो. माकला आणि ८० मिमीला काळ्या फोमची नळी गुंडाळा, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब. दव धरलंच तर पुसायचं नाही. पुसलं की धूळ घासली जाऊन ओरखडे उठतात. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्या. आयपीसवरही दव धरतं, विशेषतः माणसांच्या श्वासानं. एक जादा आयपीस खिशात ऊबेत ठेवा आणि अदलाबदल करत राहा.

आयपीसच्या रबरी कडेला दीडशे डोळे लागणार. दर दहा-बारा जणांनी ती निर्जंतुक पुसणीनं पुसा, पण पुसणी काचेला लागू देऊ नका. डोळे आलेले असतील तर दुर्बिणीला डोळा लावू नये, हे प्रवेशाशीच सांगा. अशांना बायनॉक्युलरही न देता नुसत्या डोळ्यांच्या गटात चांगलं दाखवता येतं.

दुर्बिणींमध्ये पाच मीटर अंतर, तिपाईच्या प्रत्येक पायापाशी मंद लाल दिवा, आणि रांगेच्या वाटेत एकही वायर नाही. माकची बॅटरी माउंटखालीच ठेवा. मदतनीसांच्या विजेऱ्यांना लाल जिलेटीन कागदाचा एक थर पुरत नाही, पांढरा उजेड गळतो. तीन थर लावा आणि भिंतीवर टाकून बघा. गाड्या लावायची जागा अशी निवडा की निघताना हेडलाइटचा झोत मैदानावर येणार नाही. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झोतात ती जाते.


तिपाई
खूप उपयोगी. तीन गटांचं ठरवलं. पण व्याख्यान? वक्त्यांनी तासाभराच्या स्लाइड तयार केल्या आहेत. आणि ढगांचं काय? कार्यक्रम रद्द म्हणून कधी सांगायचं?


दीर्घवृत्त
तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तासाभराचं प्रोजेक्टरचं व्याख्यान ढगांसाठी राखून ठेवा. आकाश उघडं असेल तर ते त्या रात्री नकोच. उघड्या आकाशाखाली लोकांना पडद्यासमोर बसवलं तर अर्धे चुळबुळत मागे वळून पाहतात, आणि पडद्यावरून उठलेला डोळा पुढची वीस मिनिटं आकाशाच्या कामाचा नसतो. ढग असतील तर तेच व्याख्यान बंद जागेत पूर्ण एक तास, निवांत. वक्त्यांना हे आधीच स्पष्ट सांगा म्हणजे ते दुखावणार नाहीत.

उघड्या रात्री तिसऱ्या गटाशी बोलायला वीस मिनिटं, बाकी वीस प्रश्नांना. स्लाइड नाहीत, लाल दिवा, हातात वस्तू. एक चेंडू घ्या, २२ सेंटिमीटरचा फुटबॉल. ही पृथ्वी. त्याच मापानं चंद्र ६ सेंटिमीटरचा, म्हणजे लहान मुलाच्या मुठीएवढा. आता एका मुलाला चंद्र देऊन विचारा, किती लांब उभा राहशील? बहुतेक मुलं हातभर अंतरावर उभी राहतात, कारण पुस्तकातल्या आकृतीत तसंच असतं. खरं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांएवढं, म्हणजे साडेसहा मीटरांहून थोडं जास्त. मुलाला दोरीनं मोजत तिथवर न्या. मग सांगा, याच मापानं सूर्य २४ मीटरांचा, आठ मजली इमारतीएवढा, आणि अडीच किलोमीटरांहून लांब. एवढ्यात ग्रहणं दर महिन्याला का होत नाहीत इथपर्यंत बोलणं सहज जातं: चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे, आणि साडेसहा मीटरांवर पाच अंश म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त वर-खाली, तर सावली जेमतेम फुटबॉलएवढी रुंद. एका बोलण्यात एकच गोष्ट पुरे. कृष्णविवरं आणि परग्रहवासी प्रश्नांच्या वेळी येतातच, त्यांना तिथे मनापासून वेळ द्या.

नुसत्या डोळ्यांच्या गटाला मोजायला हात शिकवा. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ सुमारे दहा अंश, करंगळीचं टोक एक अंश. पहिला सराव ध्रुवताऱ्याचा: क्षितिजापासून मुठी मोजा, जितके अंश येतील तितका आपला अक्षांश. हे माणूस घरी जाऊनही करतो.

निर्णयाची वेळ एकच ठरवा, सूर्यास्ताच्या तीन तास आधी, आणि ती पत्रकातच छापा. उपग्रहाच्या अवरक्त चित्रांची मागच्या दोन तासांची मालिका बघा. ढग येताहेत की जाताहेत हे एका चित्रावरून कळत नाही. पूर्ण झाकलेलं असेल तर आकाशदर्शन रद्द, व्याख्यान चालू. तुटक ढग असतील तर कार्यक्रम ठेवा, पण सगळ्या दुर्बिणी चंद्र आणि ग्रहांवरच, कारण ते फटीतून परत सापडायला पाच सेकंद लागतात. तारकागुच्छ शोधेपर्यंत फट बुजते.


आयपीस_२५
दीर्घवृत्त यांच्या एका गोष्टीशी सहमत नाही. व्याख्यानाच्या पहिल्या दहा स्लाइड सूर्यास्ताआधी, लोक जमत असताना दाखवता येतील. तेव्हा डोळ्यांना अंधाराची सवय झालेलीच नसते, त्यामुळे बिघडत काहीच नाही, आणि लवकर आलेले लोक दुर्बिणींना हात लावत फिरत नाहीत. अंधार पडायच्या आत प्रोजेक्टर बंद करून गाडीत ठेवला की झालं.

लेझरबद्दल कोणी लिहिलं नाही. हिरवा लेझर नुसत्या डोळ्यांच्या गटाला फार उपयोगी, पण एकच, आणि एकाच जबाबदार माणसाच्या हातात. ५ मिलिवॅटच्या वर नको. स्वस्त लेझरवरच्या लेबलाचा भरवसा धरू नका: ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आतल्या अवरक्त प्रकाशापासून तयार होतो, आणि अवरक्त अडवणारा फिल्टर वगळला असेल तर न दिसणारा प्रकाश बाहेर येतो, ज्याला पापणीही मिटत नाही. विमान दिसलं की लेझर बंद, ते जाईपर्यंत. क्षितिजाजवळ रोखायचा नाही. मुलांच्या हातात कोणी कितीही मागितला तरी नाही. लोकांना लेझर धरणाऱ्याच्या भोवती चार-पाच मीटरांत गोळा करा. लांबच्याला रेघ तिरकी दिसते आणि नेमका तारा कोणता ते कळत नाही.

मोबाइल. बंदी घालून कोणी ऐकत नाही, जागा द्या. चंद्राच्या ६ इंचीजवळ ८० मिमी आणून तिलाही चंद्र लावा, आयपीसला मोबाइल धरणारा क्लॅम्प बसवा, आणि सांगा की फोटो इथेच, शेवटी. पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढली की विवरं उमटतात, नाहीतर नुसती पांढरी चकती येते. कृत्तिका दाखवायच्या असतील तेवढा वेळ क्लॅम्प काढून ठेवा.


तिपाई
शेवटचं एक. वयस्कर मंडळी बरीच आहेत, काहींना वाकता येत नाही, दोघे चाकाच्या खुर्चीवर येणार आहेत. आणि लहान मुलं आयपीसला लोंबकळतात.


दवबिंदू
८ इंची डॉबचा आयपीस ३० अंश उंचीवरच्या वस्तूला जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटरवर येतो, ६० अंशांवर सुमारे ११५ वर. म्हणजे ६० अंशांच्या आसपासची वस्तू खुर्चीत बसलेल्या प्रौढाच्या डोळ्याशी येते, आणि खालच्या वस्तूला उभ्या माणसाला कंबरेतून वाकावं लागतं. म्हणून डॉबवर उंच वस्तू लावा आणि शेजारी पाठ असलेली साधी खुर्ची ठेवा. मुलांसाठी दोन पायऱ्यांचा ठोकळा.

चाकाच्या खुर्चीला माक सर्वांत सोयीची. तिपाईचे पाय पूर्ण आत घ्या, काटकोनी आरसा लावून आयपीस बाजूला वळवा, आणि तिपाईचा एक पाय खुर्चीच्या विरुद्ध बाजूला येईल असं बघा, म्हणजे खुर्ची दोन पायांच्या मधून आत येते. गवतात चाकं रुततात. मैदानाच्या कडेच्या कठीण वाटेलगतच ही दुर्बीण उभी करा, लोकांना आत नेण्यापेक्षा दुर्बीण बाहेर आणणं सोपं.

लोंबकळण्याचं कारण खोडी नसते. अंधारात, ठोकळ्यावर, एक डोळा मिटून उभं राहिलं की तोल जातो आणि हात जवळचं काहीतरी धरतो. त्याला धरायला दुसरं द्या: आयपीसच्या अलीकडे वीतभर अंतरावर घडीची शिडी किंवा जमिनीत ठोकलेला दांडा, छातीच्या उंचीचा, वर पांढरा कापडी पट्टा गुंडाळलेला. "आधी हा दांडा दोन्ही हातांनी धर, मग बघ" एवढं सांगितलं की नळीला हात लागत नाही. दांडा दुर्बिणीच्या बुडाला टेकू देऊ नका, नाहीतर प्रत्येक हात बदलताना गुरू उडी मारेल.